हाता-पायाच्या दुखापतीनंतर जीवनमान कसं मोजतात? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे हल्याळ-जोयड्यापर्यंतच्या मराठी घरांतले रुग्ण माझ्याकडे येतात. हात किंवा पाय मोडल्यानंतर आम्ही त्यांच्याकडून काही फॉर्म भरून घेतो. त्या फॉर्मबद्दल रुग्ण, त्यांचे घरचे आणि प्रबंध लिहिणारे विद्यार्थी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या प्रश्नाशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतंय. मग फॉर्म भरून अजून काय कळणार?

एक्स-रे फक्त हाडाबद्दल सांगतो. नडगीत सळी घातलेला शेतकरी पाच-सहा महिन्यांनी तपासणीला येतो. फिल्मवर हाड छान भरलेलं असतं. पण बांधावरून चालता येतं का, असं विचारलं की तो मान हलवतो. भात लावणीच्या चिखलात उतरायची भीती वाटते, उकिडवं बसता येत नाही, रात्री ठणका लागून झोप तुटते, घरात चिडचिड वाढलेली असते. यातलं काहीच फिल्मवर उमटत नाही. हे सगळं विचारायचं, दर वेळी त्याच शब्दांत विचारायचं आणि आकड्यांत लिहून ठेवायचं, याला जीवनमान मोजणं म्हणतात.

'त्याच शब्दांत' यावर माझा जोर आहे. 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारलं तर आपल्याकडे जवळपास प्रत्येक जण 'बरं आहे की' म्हणतो, आणि डॉक्टरांसमोर तर हमखास. फॉर्म जिना, बादली, शर्टाचं बटण, झोप असं एकेक विचारतो, त्यामुळे सवयीचं उत्तर देता येत नाही.

२. जीवनमान म्हणजे राहणीमान का? आमचं घर, उत्पन्न वगैरे बघणार का?

नाही. राहणीमान बाहेरच्याला दिसतं. इथे मोजायचं असतं ते माणसाला स्वतःच्या जगण्याबद्दल काय वाटतं ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा: आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत राहतो त्यांत, आपल्या अपेक्षा, उद्दिष्टं आणि काळज्या धरून, आपली आयुष्यातली जागा आपल्याला कशी वाटते, ते म्हणजे जीवनमान. म्हणून एकाच जागी मोडलेल्या दोन मनगटांचे आकडे वेगळे येऊ शकतात, आणि दोन्ही खरे असतात. पैशाचा विषय अजिबात येत नाही असं मात्र नाही. संघटनेच्या छोट्या फॉर्ममध्ये परिसर, पैसा, प्रवासाची सोय यांवरही प्रश्न आहेत, पण ते पुरेसं वाटतं का एवढंच विचारतात. तुमचं उत्पन्न किती, हे विचारत नाहीत.

३. इतके फॉर्म आहेत, त्यांतला कुठला कशासाठी?

दोन जाती आहेत. एक सर्वसाधारण, म्हणजे कुठल्याही आजाराला चालणारे. दुसरे त्या त्या अवयवाचे.

सर्वसाधारण फॉर्ममध्ये सर्वांत सुटसुटीत ईक्यू-५डी. चालणं-फिरणं, स्वतःची देखभाल, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी, असे पाचच विषय. नव्या रूपात प्रत्येकाला पाच पायऱ्या आहेत. रुग्णाचं उत्तर २१३३१ असं पाच अंकांत लिहितात: चालायला किंचित त्रास, अंघोळ-कपडे स्वतः जमतात, कामाला आणि वेदनेला मध्यम त्रास, मन ठीक. अशा ३१२५ अवस्था होऊ शकतात. शेवटी ० ते १०० अशी उभी पट्टी असते आणि तिच्यावर आजची तब्येत दाखवायची असते. एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न आणि आठ विभाग आहेत, तो मुख्यतः गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २६ प्रश्नांचा फॉर्म गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो आणि त्याचे चार विभाग आहेत: शरीर, मन, नातीगोती, परिसर.

अवयवाच्या फॉर्ममध्ये हातासाठी डॅश. बोटांपासून खांद्यापर्यंत सगळ्या हाताला एकच, ३० प्रश्न. घाई असेल तर त्याचं ११ प्रश्नांचं छोटं रूप आहे. पायासाठी लेफ्स, २० प्रश्न, १९९९ पासून वापरात. फक्त मनगट मोडलं असेल तर मनगटाचा १५ प्रश्नांचा वेगळा फॉर्म आहे.

माझी पद्धत एक सर्वसाधारण आणि एक अवयवाचा, अशी. अवयवाचा फॉर्म बारीक बदल पकडतो. सर्वसाधारण फॉर्म बाकीचं आयुष्य दाखवतो. तीन-चार फॉर्म एकदम पुढे ठेवले तर तिसऱ्यापासून माणूस सरसकट मधल्या चौकोनात खुणा करत जातो.

४. माझे ५० गुण आले. पास का नापास?

ही परीक्षा नाही, आणि कुठल्या फॉर्मचे ५० हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थही नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगते.

डॅशमध्ये ० म्हणजे उत्तम आणि १०० म्हणजे हात पूर्ण निकामी. आकडा *उतरला* की सुधारणा. लेफ्समध्ये नेमकं उलटं: एकूण ८० गुण, ८० म्हणजे उत्तम, आकडा *चढला* की सुधारणा. एसएफ-३६ चे आठ विभाग ० ते १०० आणि जास्त म्हणजे चांगलं. पण त्यावरून जे दोन सारांश-गुण काढतात, शरीराचा आणि मनाचा, त्यांत ५० म्हणजे अमेरिकेतल्या सर्वसाधारण लोकसंख्येची सरासरी. तिथे ५० पाहून कुणी घाबरू नये.

डॅशचं गणित हातानेही होतं. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. सगळ्यांची बेरीज करायची, जितके प्रश्न सोडवले त्या संख्येने भागायचं, १ वजा करायचा आणि २५ ने गुणायचं. तीसही प्रश्न सोडवले आणि बेरीज ९० आली: ९० भागिले ३० म्हणजे ३, त्यातून १ गेला, उरले २, गुणिले २५ म्हणजे ५०. दोन प्रश्न रिकामे सोडले आणि २८ प्रश्नांची बेरीज ८४ आली तरी उत्तर ५०च. किमान २७ उत्तरं हवीत, नाहीतर गुण काढायचेच नाहीत.

कागदावर नुसता आकडा कधी लिहू नका. 'डॅश ५०, कमी चांगलं' असं लिहा. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तो कागद दाखवताना याचं महत्त्व कळतं.

५. गुण वाईट आले तर अपंगत्वाच्या दाखल्याला किंवा अपघाताच्या दाव्याला उपयोग होईल का?

दाखल्याला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दाखल्यावरची टक्केवारी शासनाच्या ठरलेल्या पद्धतीने डॉक्टर मोजतात: सांधा किती वाकतो, जोर किती आहे, अवयव कुठून गेला आहे. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. आमच्या फॉर्मचे ४० आणि दाखल्याचे ४० टक्के यांचा काही संबंध नाही.

दाव्याची गोष्ट थोडी वेगळी. मोटार अपघाताच्या भरपाईत अवयवाचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता किती घटली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. ट्रक चालवणाऱ्याचा घोटा आखडला आणि कारकुनाचा घोटा आखडला, यांत फरक आहेच. तो फरक वकिलामार्फत मांडा. आमच्या फॉर्मवर दुखणं फुगवून लिहिलंत तर उपचार चुकीच्या दिशेने जातील आणि पुढच्या भेटीची तुलना वाया जाईल.

६. फॉर्म कधी आणि किती वेळा भरायचा?

साधारणपणे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष. पायाची मोठी मोडतोड असेल तर दोन वर्षांपर्यंत. पहिल्याच भेटीत आणखी एकदा भरून घेणं चांगलं: 'अपघाताच्या आदल्या आठवड्यात कसं होतं ते आठवून सांगा.' ही आठवण थोडी गोड होऊन येते हे आम्हाला माहीत आहे. तरीही आधीचं काहीच हाती नसण्यापेक्षा ती बरी. आधीपासूनच गुडघेदुखी असलेल्या आजोबांना ८० पैकी ८० पर्यंत पोहोचवायचं स्वप्न मग कुणी बघत नाही.

आपल्या भागात ऋतूचा हिशेबही ठेवावा लागतो. त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

७. आईला काय विचारता, मी सांगतो ना. चालेल का?

आई शुद्धीवर असेल आणि बोलू शकत असेल तर नाही. दुखणं, झोप आणि मनाची अवस्था तिच्याकडूनच घ्यायला हवी.

माझी स्वतःची चूक सांगते. नवीन होते तेव्हा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींचा फॉर्म मी त्यांच्या मुलाला विचारून भरला. तो मनापासून सेवा करणारा मुलगा होता. 'सगळं करते, काही त्रास नाही,' म्हणाला, आणि मी खुणा करत गेले. तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, 'दुपारनंतर मी पाणी पीत नाही गं. संध्याकाळी संडासला उठवायला लागतं त्याला. कामावरून दमून येतोय.' मुलाला हे माहीतच नव्हतं. तो कागद मी फाडला आणि नव्याने बसले. त्या आजींना व्यायामाआधी कमोडची उंच खुर्ची हवी होती, आणि ती त्याच आठवड्यात मिळाली.

रुग्ण बोलू शकत नसेल, डोक्यालाही मार असेल किंवा विसरभोळेपणा फार असेल, तर घरच्यांना विचारावं लागतं. ईक्यू-५डीचं घरच्यांसाठी वेगळं रूप आहे, तेच वापरावं आणि उत्तर कोणी दिलं ते कागदावर लिहावं. घरच्यांना जे डोळ्यांनी दिसतं, म्हणजे चालणं, अंघोळ, जेवण, ते बऱ्यापैकी बरोबर येतं. जे दिसत नाही तिथे अंदाज चुकतो. लहान मुलांचं वेगळं आहे: प्रश्न १६.

८. वाचता येत नाही, मग?

वाचून दाखवतात. नियम इतकाच की प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, सगळे पर्याय वाचायचे आणि तोंडावर भाव आणायचा नाही. 'दुखत नाही ना आता?' हा प्रश्न होत नाही, त्यात उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं.

अडतं ते ० ते १०० च्या पट्टीशी. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे मोजायचं स्वतःचं साधन आहे. एक आजोबा मला म्हणाले, 'बारा आणे बरं आहे बघ.' त्यांना सोळा आण्यांत आपली तब्येत अगदी नेमकी सांगता येत होती. म्हणून पट्टी समजावताना मी आधी आण्यांची भाषा वापरते आणि मग पट्टीवर बोट ठेवायला सांगते. मी स्वतः बारा आण्यांचे ७५ करून लिहीत नाही. बोट त्यांचंच हवं, कारण कित्येकदा ते ६० वर जातं.

९. बोलणं मराठी, शाळा कन्नड. फॉर्म कुठल्या भाषेत घ्यायचा?

ज्या भाषेत दुखणं सांगता त्या भाषेत. आपल्याकडे घरी मराठी बोलणारी पण कन्नड शाळेत शिकलेली तरुण मुलं खूप आहेत. त्यांना मराठी फॉर्म हातात दिला तर अडखळत वाचतात. मी मराठी फॉर्म वाचून दाखवते. कुणाला कन्नडच सोपं वाटत असेल तर कन्नड. महत्त्वाचं हे की सहा आठवड्यांना जी भाषा, तीच वर्षाच्या शेवटीही.

फॉर्मच्या मराठीतले काही शब्द इथे परके वाटतात. 'खिन्नता' म्हटलं की खानापूरकडच्या बायका माझ्याकडे बघत राहतात. त्यांच्याकडे तेच 'जीवाला बरं वाटेना' किंवा 'कशात मन लागेना' असतं. तसंच 'तीव्र' आणि 'अतिशय' यांतली पायरी कित्येकांना कळत नाही. अशा वेळी मूळ प्रश्न पूर्ण वाचून मग त्यांच्या शब्दांत एकदा समजावलं तर बिघडत नाही. समजावलं हे नोंदवा आणि पुढच्या वेळी तसंच समजावा.

१०. मग आम्हीच बेळगावी बोलीत भाषांतर केलं तर?

घरगुती भाषांतराचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघता येत नाहीत. रीतसर भाषांतरात दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, त्यांचा मेळ घालायचा, मूळ फॉर्म न पाहिलेल्या माणसाने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा, फरक तपासायचे, मग थोड्या रुग्णांवर वापरून कुठे अडतं ते बघायचं. शिवाय यांतल्या बहुतेक फॉर्मवर कुणाचा तरी हक्क असतो. ईक्यू-५डीसाठी नोंदणी करावी लागते, एसएफ-३६ ला परवाना लागतो. आधीच झालेलं मराठी किंवा कन्नड रूप आहे का, ते हक्कधारकांकडे आधी विचारा. मेहनत वाचते.

११. 'बाथटबमध्ये चढणं-उतरणं' आमच्या घरी नाहीच. त्यावर काय लिहू?

तक्रार अगदी रास्त आहे. लेफ्समध्ये बाथटब आहे, डॅशच्या मूळ इंग्रजीत गोल्फ आणि टेनिस आहे, एसएफ-३६ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर. स्थानिक रूपांत यातलं काही बदलतात, पण सगळं नाही. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाय उचलून आत टाकता येतो का, असं समजून उत्तर द्या. अजिबात लागू नसेल तर रिकामं सोडा, पण अंदाजाने 'त्रास नाही' अशी खूण करू नका. त्याने गुण खोटे चांगले दिसतात.

खरी उणीव दुसऱ्या बाजूने आहे. जे आपल्याकडे रोज लागतं ते या फॉर्ममध्ये कमी आहे. मांडी घालून बसणं, जमिनीवरून काही न धरता उठणं, भाकरी थापणं, ओला भारा डोक्यावर घेणं, वाफ्यात वाकून दोन तास रोप लावणं, कोयत्याने ऊस तोडणं. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईचं सगळं पोट अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीवर आहे. तेंदूच्या पानाची कड चिमटीत घट्ट राहिली नाही की विडी सैल होते आणि सैल विडी बाजूला काढतात. डॅशमध्ये किल्ली फिरवणं आहे, लिहिणं आहे, पण ही चिमटी नाही.

यासाठी मूळ फॉर्मला हात न लावता त्याच्या जोडीला एक सोपं साधन ठेवावं, ज्यात कामं रुग्णच ठरवतो. आता जमत नाहीत अशी तीन ते पाच कामं त्याने सांगायची आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे अपघाताआधीसारखं. पुढच्या भेटीला तीच यादी. हे १९९५ पासून वापरात आहे आणि माझ्या मते सीमाभागातल्या रुग्णांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. एकाने लिहून दिलं होतं: 'बैल सोडणं, मोटरसायकलची किक, भजनाला मांडी.' त्या तीन ओळींवर आम्ही चार महिने व्यायाम बेतले.

१२. डॅश उत्तम आला, तरी मला मागावर काम जमत नाही. फॉर्म खोटा का?

खोटा नाही, अपुरा आहे. वडगाव-शहापूरकडच्या विणकराला हे नेहमी भेटतं. तर्जनीचं टोक कापलं, जखम भरली, जेवण, अंघोळ, स्कूटर सगळं जमतं, डॅश १० च्या आत. पण तुटलेला धागा पकडून गाठ मारायला तेच टोक लागतं, आणि तिथे आता बधिरपणा आहे. फॉर्मचे प्रश्न त्याच्या कामापेक्षा सोपे आहेत, त्यामुळे गुण 'उत्तम'च्या टोकाला जाऊन चिकटतात आणि उरलेला त्रास दिसेनासा होतो. डॅशला कामासाठी चार जादा प्रश्न जोडता येतात. ते सहसा कुणी देत नाही, तुम्ही मागून घ्या. जोडीला प्रश्न ११ मधली स्वतःची यादी.

डॅशबद्दल हेही सांगून ठेवते: काम कुठल्या हाताने केलं ते तो विचारत नाही, झालं का एवढंच विचारतो. उजवा हात मोडलेला माणूस डाव्याने सफाईने लिहायला लागला तर गुण सुधारतील. तो आयुष्याचा आकडा म्हणून बरोबर आहे. उजव्या हाताच्या जोरासाठी मूठ-जोर मोजायचं यंत्र आहे.

१३. मार्चमध्ये छान होते, जूनमध्ये गुण घसरले. पाय बिघडला का?

आधी बाहेर काय बदललं ते बघा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पावसाळा कसा असतो ते तिथल्या माणसालाच माहीत. मार्चमध्ये सपाट कोरड्या अंगणात चालणारा माणूस जूनमध्ये शेवाळलेल्या पायरीवर आणि चिखलाच्या पाणंदीत चालत असतो. शिवाय मार्चमध्ये शेतात फारसं काम नव्हतं, म्हणून 'कामाला त्रास नाही' अशी खूण झाली होती. लावणी सुरू झाली आणि खरी कसोटी लागली. ऊसतोडीचं उलटं, तिचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात त्या आठवड्यात कोणतं काम चालू होतं, हे एका शब्दात लिहून ठेवावं.

तरीही नवा ठणका, सूज, सळीच्या किंवा स्क्रूच्या जागी दुखणं, जखमेतून पाणी, ताप यांपैकी काही असेल तर फॉर्म बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

१४. लेफ्स ५ गुणांनी वाढला. सुधारणा म्हणायची?

अजून नाही. माणूस तोच, पाय तोच, पण दोन दिवसांनी फॉर्म भरला तरी आकडा थोडा हलतो. लेफ्समध्ये ९ गुणांचा फरक पडला तर तो खरा आणि रुग्णाला जाणवणारा धरतात. डॅशमध्ये साधारण १० ते १५. प्रश्न ११ च्या यादीत सरासरी २ गुण. त्याहून कमी असेल तर थांबा आणि पुढची भेट बघा.

१५. एक्स-रे चांगला आणि गुण वाईट, किंवा एक्स-रे वाकडा आणि गुण उत्तम, असं कसं?

दोन्ही रोजचं आहे.

एक्स-रे चांगला आणि गुण वाईट असतील तर मी तीन ठिकाणी शोधते. पहिलं, नसांचं दुखणं: मुंग्या, जळजळ, प्लास्टर काढल्यावर हात लाल-निळा, घामट, नुसत्या पदराचा स्पर्शही सहन न होणारा. हे लवकर ओळखलं तर आटोक्यात येतं. दुसरं, न वापरल्याने आखडलेला सांधा. तिसरं मन, आणि याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. डॅशचा तिसावा प्रश्न विचारतो की हाताच्या त्रासामुळे स्वतःवरचा विश्वास, आपला उपयोग कमी झाल्यासारखं वाटतं का. या प्रश्नाला घरातले कर्ते पुरुष थांबतात. खिडकीबाहेर बघतात. तिथे घाई करू नका. उदासीसाठी नऊ प्रश्नांचा वेगळा फॉर्म आहे, २७ पैकी १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणं नको वाटतं असा एक शब्द जरी निघाला तरी गुण मोजत बसू नये, त्याच दिवशी दाखवावं.

उलटी गोष्ट वयस्कर बायकांच्या मनगटात दिसते. हाड थोडं वाकडं बसलेलं, मूळ डॉक्टर हळहळतात, आणि त्या म्हणतात, 'भाकरी होतेय की.' सत्तरीत थोड्या वाकड्या मनगटाने चांगलं चालतं, पंचविशीच्या गवंड्याचं चालत नाही. आणखी एक: काळ जातो तशी माणसाची मोजपट्टीच बदलते. आधी 'फार त्रास' म्हणजे गडाच्या पायऱ्या न चढता येणं होतं, अपघातानंतर 'फार त्रास' म्हणजे बेडपॅन. मग आज काठीने अंगणात गेलं तरी 'काही त्रास नाही' अशी खूण होते. ती खोटी नसते. म्हणून वर्षाच्या शेवटी मी हेही विचारते: 'आजच्या नजरेने सांगा, सहा आठवड्यांना कसं होतं?' आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवते.

१६. मुलांना हेच फॉर्म चालतात का?

नाही. डॅश आणि लेफ्स मोठ्यांसाठी आहेत. मुलांसाठी वेगळे फॉर्म आहेत. त्यांतल्या एकात साधारण पाच वर्षांपासून मूल स्वतः उत्तर देतं आणि आई-बाप वेगळ्या कागदावर देतात. दोन्ही घ्या. आई-बापांना शाळा बुडाल्याची काळजी असते, मुलाला खेळात घेत नाहीत याची.

१७. काही प्रश्न फार खासगी आहेत. उत्तर द्यायलाच हवं का?

नाही. डॅशचा एकविसावा प्रश्न लैंगिक संबंधांबद्दल आहे. एकत्र कुटुंबातल्या सुनेला सासूसमोर तो मोठ्याने विचारणं चूकच. तो स्वतः वाचून खूण करायला द्यावा, नाहीतर रिकामा सोडावा. गणित अडत नाही (प्रश्न ४). पण विषय टाळू नये. खुबा किंवा कंबरेजवळचं हाड मोडलेल्या तरुण जोडप्यांना नेमकं हेच विचारायचं असतं आणि कुणाला विचारावं ते कळत नसतं. बाईला बाईने, दार लावून विचारावं.

१८. पाय वाचवायचा की काढायचा, हे या आकड्यांवरून ठरवता येतं का?

एकट्या आकड्यावरून ठरवता येत नाही, पण घाबरलेल्या घराला एक गोष्ट सांगता येते. अमेरिकेतल्या आठ मोठ्या अपघात केंद्रांनी पायाच्या अत्यंत गंभीर दुखापतीच्या ५६९ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, दोघांचं रोजचं जगणं आकड्यांत जवळपास सारखंच निघालं. दोन्ही गटांत कामावर परतले ते सुमारे निम्मे. पाय वाचवलेल्यांना पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. जगणं कुणाचं सावरलं, हे ठरवण्यात गरिबी, शिक्षण, माणसांचा आधार आणि 'मला जमेल' हा स्वतःवरचा भरवसा यांचा वाटा मोठा होता. ते लोक वेगळे, तिथला देश वेगळा, हे ध्यानात ठेवूनच हे वाचावं. पण आधाराबद्दलचा भाग मला इथेही रोज दिसतो.

पाय काढावा लागलाच तर कृत्रिम पाय निवडताना प्रश्न ११ मधली यादी समोर ठेवा. १९६८ च्या सुमारास तयार झालेला जयपूर फूट उकिडवं बसणं, अनवाणी चालणं, ओल्या शेतात उतरणं, हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच बनवला गेला.

१९. हात आणि पाय दोन्ही मोडलेत. आता कुठला फॉर्म?

डॅश आणि लेफ्स वेगवेगळे भरता येतात, पण त्यांची बेरीज करता येत नाही. एकाची दिशा खाली, दुसऱ्याची वर. सगळ्या हाडा-स्नायूंसाठी ४६ प्रश्नांचा एक फॉर्म आहे. त्यातले ३४ प्रश्न काय जमत नाही याचे आणि १२ त्याचा मनाला किती जाच होतो याचे. वेळ नसेल तर ईक्यू-५डी पुरे.

२०. मला प्रबंधासाठी हे वापरायचं आहे. सुरुवात कुठून करू?

नीतिसमितीची परवानगी आणि फॉर्मच्या हक्कांची परवानगी (प्रश्न १०) हातात येईपर्यंत एकाही रुग्णाला विचारू नका. रुग्णाच्या भाषेत संमतीपत्र घ्या. मुख्य मोजमाप एकच ठरवा. आणि जे रुग्ण परत आले नाहीत त्यांना फोन करा. पूर्ण बरे झालेले येत नाहीत, आणि एसटीचं भाडं परवडत नाही तेही येत नाहीत. या दोघांना एकाच रकान्यात 'पाठपुरावा नाही' म्हणून टाकलं तर निष्कर्ष फसतो.

२१. भरलेला फॉर्म दवाखान्यातच राहतो. आम्हाला मिळू शकतो का?

मागा, मिळायला हवा. मी तर दर वेळी प्रत देते आणि मागे आलेख काढून देते: खाली महिने, बाजूला गुण, कुठल्या दिशेला चांगलं ते बाणाने. तिसऱ्या महिन्यात हात सुधारतच नाही असं वाटून व्यायाम सोडायची वेळ येते, तेव्हा तो कागद कामाला येतो. पुढे मिरजेला किंवा कोल्हापूरला दुसरं मत घ्यायला गेलात तर एक्स-रेच्या पाकिटातच तो घालून न्या. पिशवी भिजते, म्हणून आधी प्लास्टिकमध्ये घाला.